भिंतीपलीकडची पाटी

१

एवाल्ड क्रानिखचा दिवस घड्याळाला बांधलेला होता. एकोणीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाची ती खोड; पक्षाचा जिल्हाप्रमुख झाल्यावरही सुटली नव्हती. सकाळी आठच्या ठोक्याला तो कचेरीचा जिना चढे. दहाला टपाल, बाराला घरी जेवण, दोनला भेटायला आलेली माणसं. तीन वाजता बार्लीच्या कॉफीचा पेला टेबलावर येई, आणि पुढचा अर्धा तास कुणी दार वाजवायचं नाही असा दंडक होता. त्या अर्ध्या तासात तो भाषणं लिही. सबंध हाइनब्रुक जिल्ह्यात त्याच्यासारखं अक्षर कुणाचं नव्हतं. बाहेर टंकलेखिका बसलेली असूनही भाषण तो स्वतःच्या हातानं लिही आणि कुठं चुकलाच, तर कोटाच्या खिशातली लाल पेन्सिल काढून स्वतःचीच चूक दुरुस्त करी.

कचेरी नदीकाठच्या जुन्या जकातघराच्या वरच्या मजल्यावर होती. त्याच्या खुर्चीमागची भिंत ही इमारतीची शेवटची भिंत. तिच्यापलीकडे खोली नव्हती, सज्जा नव्हता. खाली चार पुरुष खोल गिरणीचा पाट वाहत होता.

एकेचाळीस सालच्या मार्च महिन्यातली दुपार. 'निरोगी रक्त, निरोगी राष्ट्र' या भाषणाचं दुसरं पान चाललं होतं. ऊन टेबलाच्या कडेवर आलेलं. मागून बारीक करकर येत होती, आणि ती बराच वेळ येत असावी, कारण क्रानिखला ती खटकलीच नाही. जन्मभर जो आवाज पाठीशी घेऊन माणूस जगला, तो कानाला टोचत नाही. लिहिता लिहिता, मान न वळवता तो म्हणाला,

"हळू. एवढं दाबू नकोस. मोडेल."

करकर थांबली.

मग त्याच्या हातातलं पेनही थांबलं. आपण कुठं बसलो आहोत ते त्याला आठवलं.

२

दुसऱ्या दिवशी तीन वाजून पाच मिनिटांनी आवाज पुन्हा आला. तिसऱ्या दिवशीही आला.

क्रानिख भाबडा माणूस नव्हता. शाळेत असताना मुलं स्मशानातल्या दिव्याच्या गोष्टी सांगत, तेव्हा त्यानं अख्खा वर्ग तिकडे नेऊन कुजक्या लाकडावरची चमकणारी बुरशी दाखवली होती. प्रत्येक आवाजाला बूड असतं, हे त्याचं ठाम मत. त्यानं आधी भिंतीला कान लावला, मग खिडकीतून वाकून पाहिलं. बाहेर भिंतीवर आयव्हीची वेल चढलेली होती. वारा सुटला की तिच्या फांद्या दगडाला घासत असणार. उलगडा झाला म्हणून त्याला हायसं वाटलं.

इमारतीचा रखवालदार फोग्ट हा पहिल्या महायुद्धात डावा हात गमावलेला म्हातारा. त्याला त्यानं वेल तोडायला सांगितली.

"तोडतो की," फोग्ट म्हणाला. "पण पंचवीस वर्षांत तिनं कुणाला त्रास दिला नाही, साहेब. काय केलं तिनं?"

"आवाज करते. पाटीवर पेन्सिल ओढल्यासारखा."

"मग उंदीर असतील."

"उंदीर असा आवाज करत नाहीत."

"खरंय. या महागाईत उंदरांना पाटी कुठली परवडायला?" फोग्ट स्वतःशीच हसला, पण साहेब हसले नाहीत हे पाहून शिडी आणायला गेला.

वेल मुळापासून निघाली. भिंत उघडी, राखी, धुतल्यासारखी दिसू लागली. त्याच दुपारी तीन वाजून पाच मिनिटांनी आवाज आला. आता तो जास्त स्वच्छ ऐकू येत होता.

क्रानिखनं टंकलेखिकेला आत बोलावलं. ओर्टरूड चाळिशीची, शिस्तीची बाई होती. तिच्या तोंडून जास्तीचा शब्द कधी निघत नसे.

"काही ऐकू येतं का?"

तिनं मान तिरकी करून ऐकलं. "पाण्याचा आवाज येतोय, साहेब."

"आणखी?"

"आणखी काही नाही." ती घोटाळली. "टंकयंत्र बंद ठेवू का थोडा वेळ? माझ्या यंत्राचा घुमत असेल."

"ठेव."

ती बाहेर गेली. टकटक थांबली. करकर चालूच राहिली.

३

आठवड्याभरात त्यानं ऐकणं टाळायचं सोडून दिलं आणि ऐकायला सुरुवात केली. तिथंच तो चुकला.

आवाज नुसता घासल्याचा नव्हता. त्याला लय होती. एक लांब रेघ, एक लांब रेघ, पुन्हा एक. मग थोडी उसंत. मग टिक. पुन्हा तीन रेघा, उसंत, टिक.

एकोणीस वर्षं पहिलीच्या मुलांना पहिलं अक्षर, त्यांच्या लिपीतला 'इ', त्यानंच गिरवायला लावलं होतं. वर, खाली, पुन्हा वर, आणि डोक्यावर टिंब. पोरांचे हात हवेत नाचवत तो ते म्हणून घेई. चाळीस मुलांच्या चाळीस पाट्यांतून कोणती कुणाची हे तो पाठ फिरवूनही ओळखी. गवळ्याची पोरं भराभर ओढत. डॉक्टरचा मुलगा नखानं पुसून पुन्हा काढी. आणि इतक्या सावकाश, इतकं दाबून, टिंबाआधी श्वास घेतल्यासारखी उसंत घेऊन लिहिणारी शाळेत एकच झाली होती.

इर्मेला श्टाइगर. धोबीण वाल्बुर्गाची मुलगी.

तिला फेफरं यायचं. बोलायला लागली की शब्द दाताशी अडकायचा. पहिलं अक्षर शिकायला तिला तीन महिने लागले आणि स्वतःचं नाव लिहायला दीड वर्ष. त्या दिवशी मास्तर क्रानिखनं तिची पाटी सगळ्या वर्गात फिरवली होती. घरी जाऊन बायकोलाही सांगितलं होतं. पक्षात नाव घालायच्या आधीची ती गोष्ट. पुढे छत्तीस साली वरून छापील अर्ज आले. कुठलं मूल शाळेत ठेवण्याजोगं नाही ते मुख्याध्यापकानं, म्हणजे त्यानंच, कळवायचं होतं. त्यानं कळवलं. अक्षर अर्थातच सुरेख होतं. अकरा वर्षांची इर्मेला डोंगरापलीकडच्या आश्रमात गेली. नन चालवत तो. त्यानंतर तो शाळेतून कचेरीत आला, आणि ती मुलगी त्याच्या डोक्यातून पुसली गेली.

ती आता सोळा वर्षांची असेल, एवढं त्यानं मनाशी मोजलं. मेलेलं माणूस असतं तर गोष्ट निराळी होती. मेलेल्यांविषयी लोक काहीबाही बोलतात. पण ती तर जिवंत होती, बारा मैलांवर. मग हे काय होतं?

भिंतीपलीकडून टिक असा आवाज आला.

४

एप्रिलच्या एका बुधवारी दोनच्या भेटीगाठींत वाल्बुर्गा श्टाइगर आली. ती त्याच्या घरचेही कपडे धूत असे, पण कचेरीत कधी आली नव्हती. साबणानं सोलवटलेले हात मांडीवरच्या पिशवीवर ठेवून ती खुर्चीच्या टोकाला बसली.

"मास्तर," ती म्हणाली. गावातली जुनी माणसं अजून त्याला मास्तरच म्हणत, आणि त्याला ते आतून आवडे. आज आवडलं नाही.

"बोल, वाल्बुर्गा."

"इर्मीच्या आश्रमात बस येऊन गेली. राखी बस. बावीस जणींना नेलं. कुठं नेलं ते सिस्टरनाही सांगत नाहीत." तिनं आवाज आणखी खाली आणला. "एकीच्या घरी पत्र आलं, न्यूमोनियानं गेली म्हणून. दुसरीच्या घरी आलं, अपेंडिक्सनं गेली. मास्तर, तिचं अपेंडिक्स लहानपणीच काढलेलं होतं. मीच तिच्या आईबरोबर दवाखान्यात बसले होते."

"असल्या कंड्या पिकवणं गुन्हा आहे, ठाऊक आहे ना?"

"मी पिकवत नाही. मी तुम्हाला सांगतेय." ती डगमगली नाही. "बस पुन्हा येणारेय. यादीत इर्मी आहे. पण ज्या काम करतात, लिहितात-वाचतात, आणि ज्यांच्यासाठी कुणी मोठा माणूस शब्द टाकतो, त्यांचं नाव काढतात. डॉक्टरनंच सिस्टरला सांगितलंय. शुक्रवारपर्यंत कागद पोचला पाहिजे."

तिनं पिशवीतून एक घडी घातलेला कागद काढून टेबलावर सपाट केला. मोठमोठ्या वाकड्या अक्षरांत एकच ओळ होती: आई मी बरी आहे मी बटाटे सोलते. खाली नाव.

"तुम्हीच शिकवलंत," वाल्बुर्गा म्हणाली. "तेवढंच लिहा. ही लिहू शकते, हिला मी शिकवलंय, मी हिला ओळखतो. दुसरं काही मागत नाही."

क्रानिखनं कागदाकडे पाहिलं. खूप दाबून लिहिलं होतं. मागच्या बाजूला अक्षरं उमटली होती. त्याच वेळी मागं भिंतीत करकर सुरू झाली. तीन वाजायला अजून अवकाश होता.

वाल्बुर्गानं मान किंचित वर केली. तिची नजर त्याच्या खांद्यावरून भिंतीकडे गेली आणि तिथंच क्षणभर राहिली. तिच्या थकल्या तोंडावर हसण्यासारखं काहीतरी आलं.

"फार दाबून लिहिते," ती म्हणाली. "पहिल्यापासून."

ती कागदाविषयी बोलली की दुसऱ्या कशाविषयी, हे विचारायचं धाडस त्याला झालं नाही.

"बघतो," तो म्हणाला. "जा तू."

५

त्यानं पत्र लिहिलं, हे खरं आहे. वाल्बुर्गाची पावलं जिन्यावरून उतरून जाईपर्यंतही तो थांबला नाही. नाव छापलेला जाड कागद घेतला आणि एका दमात लिहून काढलं: सदर मुलगी माझी विद्यार्थिनी होती, ती लिहिते, वाचते, स्वयंपाकघरात उपयोगी काम करते, तिच्याविषयी मी स्वतः हमी देतो. इतकं नीटस पत्र त्यानं कित्येक वर्षांत लिहिलं नव्हतं. सही करून शाई टिपली तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, की मागं शांतता आहे. नुसतं पाणी वाहत होतं. किती तरी आठवड्यांनी त्याचे खांदे सैल झाले.

तेवढ्यात टेलिफोन वाजला. प्रांतकचेरीतून होता. शिक्षणखात्याच्या प्रमुखाची जागा जूनमध्ये रिकामी होणार होती. क्रानिखचं नाव पुढे आहे, 'निरोगी राष्ट्र'वरचं भाषण वर सगळ्यांना फार आवडलं, अशी माणसं हवीत, डळमळीत नकोत, असं पलीकडचा गृहस्थ मोकळेपणानं म्हणाला.

फोन ठेवून क्रानिखनं पत्र पुन्हा वाचलं. मग ते पाकिटात घातलं, आणि पाकीट टेबलाच्या कप्प्यात ठेवून किल्ली फिरवली. फाडलं नाही. उद्या पाठवू असं त्यानं स्वतःला सांगितलं.

संध्याकाळी जेवताना गेर्लिंडे, त्याची बायको, म्हणाली, "वाल्बुर्गा कपडे न्यायला आली होती. आज पहिल्यांदाच तोंड उघडून बोलली. तू तिला काहीतरी कबूल केलंयस."

"मी 'बघतो' म्हणालो."

"तुझं 'बघतो' लोकांना 'हो' वाटतं. मास्तर होतास ना." तिनं त्याच्या ताटलीत सूप वाढलं. "काय मागितलं तिनं?"

"एक पत्र. नियमात बसत नाही. एकीसाठी लिहिलं तर उद्या दारात रांग लागेल. नियम सगळ्यांना सारखा हवा."

"लिहिलंस का?"

त्यानं सुपात चमचा फिरवला.

"एवाल्ड, पाठवायचं असेल तर पाठव, नाहीतर फाडून टाक. कप्प्यात ठेवलेल्या पत्राचा तिलाही उपयोग नाही आणि तुलाही नाही."

पत्र कप्प्यात आहे हे त्यानं तिला सांगितलं नव्हतं. पण बावीस वर्षं संसार केलेली बाई. तिला नवऱ्याच्या सवयी ठाऊक असणारच. त्यानं तशी मनाची समजूत घातली आणि सूप संपवलं.

६

गुरुवारी पत्र कप्प्यातच राहिलं. शुक्रवारी सकाळी टपालवाला आला आणि गेला. दहानंतर ओर्टरूडनं दोनदा आत येऊन विचारलं, "आणखी काही टाकायचं आहे का, साहेब? आश्रमाकडची मोटार बाराला सुटते." त्यानं दोन्ही वेळा नाही म्हटलं. दुसऱ्यांदा ती दारात जरा जास्तच वेळ उभी राहिली.

बारा वाजले. चर्चच्या घंटा वाजल्या. मोटारीचा भोंगा पुलावरून गेला. क्रानिख जेवायला घरी गेला नाही. आता झालं ते झालं, असा एक जड, गार दिलासा त्याला वाटत होता. भिंतही गप्प होती. तीन वाजता कॉफी आली. तीन वाजून पाच मिनिटं झाली. दहा झाली. त्यानं पेला उचलला.

वर, खाली, वर.

आवाज भिंतीतून येत नव्हता. भिंत मागं होती. आवाज खोलीत होता. खिडकीच्या कोपऱ्यात, कपाटाच्या आडोशाला, साधारण सहा पावलांवर, जमिनीपासून लहान बाकाच्या उंचीवर. इतक्या जवळून त्याला आता पेन्सिलखेरीज आणखीही काही ऐकू येत होतं. टिंबाआधीची ती उसंत रिकामी नव्हती. कुणीतरी नाकातून श्वास ओढून धरत होतं, जसा अवघड गाठ सोडवताना मूल धरतं.

तो उठला नाही. तिकडे पाहिलंही नाही. डोळे पेल्यावर ठेवून त्यानं स्वतःला विचारलं, की मेंदूत रक्ताची गुठळी झाली तर असं होतं का. अमुक वयानंतर कानात घंटा वाजतात, तशीच ही करकर असेल का. डॉक्टरला दाखवायला हवं. मग त्याच्या मनात आलं, की डॉक्टरला हे सांगितलं, तर तो छापील अर्ज घेऊन लिहायला बसेल.

टिक.

७

कागद जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आला. वाल्बुर्गा तो दाखवायला त्याच्या घरी आली. इस्त्रीच्या कपड्यांची टोपली तिनं नेहमीसारखी स्वयंपाकघराच्या दारात ठेवली आणि एप्रनच्या खिशातून पाकीट काढलं. तीव्र न्यूमोनिया. साथीच्या भीतीनं तातडीनं दहन. अस्थिकलश हवा असल्यास दोन आठवड्यांत कळवावं.

गेर्लिंडे चुलीपाशी उभी होती. तिनं नवऱ्याकडे पाहिलं नाही.

क्रानिख तयारीत होता. ती ओरडेल, शिव्या देईल, पायरीवर थुंकेल. मग काय बोलायचं ते त्यानं आठवडेच्या आठवडे घोकलं होतं. वाल्बुर्गानं त्याचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"तुम्ही लिहिलंत, मास्तर," ती म्हणाली. "नुसतं कुणी हूंसुद्धा केलं नाही माझ्यासाठी. पाद्र्यानं दार लावून घेतलं. तुम्ही लिहिलंत. उशीर झाला असेल, ते वाचले नसतील, त्याला तुम्ही काय करणार? पण तुम्ही शब्द टाकलात. मी हे जन्मात विसरणार नाही."

तिच्या हातांना सोड्याचा वास येत होता. क्रानिखचे ओठ हलले. खरं सांगायला एकच वाक्य पुरलं असतं, आणि ते वाक्य त्याच्या जिभेवर आलंही. पण दाताशी येऊन अडकलं.

"तिचं... तिचं अक्षर चांगलं होत होतं," एवढंच तो म्हणाला.

"हो ना," वाल्बुर्गा म्हणाली, आणि तेव्हा कुठं रडली.

ती गेल्यावर गेर्लिंडेनं टोपलीतले शर्ट एकेक करून बाहेर काढले, घड्या मोडल्या, आणि ते पुन्हा पाण्यात टाकले. का, ते तिनं सांगितलं नाही. त्या दिवसापासून ती वरच्या खोलीत झोपू लागली.

आवाज आता तीनची वाट पाहत नव्हता. कचेरीत असे, मोटारीत मागच्या सीटवर असे, सभेत टाळ्या ओसरल्या की असे. प्रांतकचेरीची जागा त्याला मिळाली नाही. भाषणात तो मध्येच थांबतो, कशाची तरी वाट पाहिल्यासारखा, असं कुणीतरी वर कळवलं होतं.

८

सप्टेंबरात नव्या वर्षाची शाळा भरली, तेव्हा टेकडीवरच्या त्याच्या जुन्या शाळेनं त्याला बोलावलं. पहिलीच्या मुलांना पहिला धडा जिल्हाप्रमुखांनी द्यावा, चार शब्द बोलावेत, फोटो निघावा. नकार द्यायला कारण नव्हतं. आणि खरं म्हणजे त्यालाच जायचं होतं. पाट्यांचा आवाज जिथला, तिथं तो चाळीस पाट्यांत मिसळून जाईल, असं त्याला वाटलं.

तसंच झालं. नवी मास्तरीण हेडविग तिशीच्या आतली होती, हुशार, थोडी बुजलेली. तिनं मुलांना उभं केलं, बसवलं. आईबाप बाहेर पटांगणात थांबले होते. मुलांनी खाऊचे रंगीत कागदी शंकू बाकांखाली ठेवले. क्रानिखनं फळ्यावर तिरप्या रेघा काढल्या आणि म्हणाला, "काढा बघू अशाच." चाळीस पेन्सिली चालू लागल्या. खडूची धूळ, नव्या वार्निशचा वास, खिडकीतून तिरपं ऊन. चाळीस निरनिराळे आवाज, आणि त्यात ओळखीचा एकही नाही. क्रानिखच्या डोळ्यांत पाणी आलं. आपण इथून जायलाच नको होतं, असं त्याच्या मनात आलं.

"शाबास," तो म्हणाला. "आता पेन्सिली खाली."

चाळीस पेन्सिली खाली ठेवल्या गेल्या. मुलांनी हाताच्या घड्या घातल्या.

वर, खाली, वर. उसंत. टिक.

त्याला नवल वाटलं नाही. तो फक्त कुणाच्या चेहऱ्यावर काही दिसतं का ते पाहत राहिला, जसं इतके महिने पाहत आला होता. आणि या वेळी दिसलं. मुलं एकेक करून मागं वळत होती. घाबरलेली नव्हती. वर्गात कुणाचं लिहायचं राहिलं असलं की मुलं पाहतात, तशी पाहत होती.

"काय झालं रे?" हेडविगनं विचारलं. "पुढे बघा."

पहिल्या बाकावरची, पुढचे दोन दात पडलेली एक मुलगी क्रानिखकडे पाहून म्हणाली, "सर, तिचं अजून व्हायचंय."

"कुणाचं?" हेडविग म्हणाली.

क्रानिखनं शेवटच्या बाकाकडे पाहिलं. तिथली दोन मुलं सरकून कडेला बसली होती, मध्ये जागा करून. त्या जागेत ऊन पडलं होतं. उन्हात एक वाकलेली मान होती. केस अगदी मुळापासून कापलेले, त्यामुळे ती फार बारीक दिसत होती. बाकाच्या मानानं खांदे मात्र मोठे, गुडघे वर आलेले. त्यानं नजर काढून घेतली. टेबलावर खिळवली. लाकडात गाठ होती, तिच्याकडे तो पाहत राहिला.

"मग थांबू या," तो म्हणाला. आवाज त्याचाच होता, जुना, मास्तराचा.

सगळे थांबले. चर्चच्या घड्याळात अकरा वाजले, साडेअकरा वाजले. हेडविग एकदा "साहेब" म्हणून पुढं आली आणि त्याचा चेहरा पाहून भिंतीपाशी परत गेली. चाळीस मुलं हाताची घडी घालून बसून होती. सहा वर्षांची मुलं इतका वेळ कधी गप्प बसत नाहीत.

मग करकर थांबली. बाक वाजला.

क्रानिखला टेबलाच्या कडेवरून बाकांमधली वाट दिसत होती, मुलांचे पाय वाटेत पसरलेले होते. सगळ्यांत मागच्या मुलानं पाय आत ओढून घेतले. त्याच्या पुढच्यानं ओढून घेतले. मग त्याच्या पुढच्यानं. एकेका ओळीनं वाट मोकळी होत पुढं येत होती, अगदी सावकाश, टेबलाच्या कडेपर्यंत.

"सर, दाखवायला आलीये," दात पडलेली मुलगी म्हणाली. तो मान वर करत नाही असं पाहून तिनं समजुतीच्या सुरात पुन्हा सांगितलं, "बघा ना. तिनं सगळं लिहिलंय."

क्रानिखनं मान वर केली.

९

शाळा अकराला सुटायची होती, ती दीड वाजता सुटली. पटांगणातले आईबाप कावून गेले होते. मुलं शंकू छातीशी धरून धावत बाहेर आली.

"एवढा वेळ काय करत होता गं?" दात पडलेल्या मुलीच्या बापानं विचारलं. तो गावचा सुतार होता.

"एका मुलीचं व्हायचं होतं."

"कुणाच्या मुलीचं?"

"ठाऊक नाही. मोठी आहे. केस नाहीत तिला." मुलीनं शंकूची दोरी सोडायला सुरुवात केली होती. "सरांनी वाचलं. खूप वेळ वाचत होते."

"काय लिहिलं होतं?"

"आम्हाला अजून वाचता कुठं येतं?"

हेडविग दारात उभी होती. तिच्या चेहऱ्यावर रंग नव्हता. सुतार तिच्याकडे पाहून मुलीला म्हणाला, "आणि साहेब कुठायत?"

"आत. तिनं त्यांना बसवून ठेवलंय."

सुतारानं टोपी काढली आणि खिडकीशी जाऊन काचेवर हाताचा आडोसा धरून आत पाहिलं. वर्ग रिकामा होता. जिल्हाप्रमुख एवाल्ड क्रानिख शेवटच्या बाकावर बसला होता. गुडघे बाकाच्या फळीत अडकलेले, कोटाच्या बाह्या खडूनं पांढऱ्या झालेल्या. समोर पाटी होती आणि तो लिहीत होता, ओठ मिटून, एकेक रेघ दाबून. अख्ख्या जिल्ह्यात ज्याच्या अक्षराची तारीफ, त्याची रेघ पहिलीतल्या पोराच्या रेघेसारखी वाकडी जात होती. पाटी भरली की तो बाहीनं पुसे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करी.

मधूनमधून तो थांबे. मान वर करून समोरच्या टेबलाकडे, मास्तराच्या रिकाम्या खुर्चीकडे पाही. आता पुरे का, असं पोर पाहतं तसं. थोडा वेळ तो वाट पाही. मग मान खाली घालून पुन्हा लिहू लागे.